चूलबंद आवतण

२५ नोव्हेंबर २०२५

चि. मोहिनी,

पत्र बघून लगेच फाडू नकोस. यात माफी वगैरे मागितलेली नाही, भांडण आहे, त्यामुळं वाचायला तुला सोपं जाईल. फोन तू उचलत नाहीस. तुझ्या आईच्या फोनवरून केला तर माझा आवाज ऐकून ठेवून देतेस. साडेतीन वर्षं झाली. आता कागद धाडतोय, त्याला ठेवून देण्याचं बटण नसतं.

रविवारच्या पुरवणीत तुझा लेख आला. शाळेतल्या गुरुजींनी आणून दिला. ‘परग्रहावरचे पाहुणे येतील का?’ खाली तुझं नाव आणि फोटो. केस कापलेस. लेख मी चार वेळा वाचला आणि मला तो पटला नाही.

तुझं म्हणणं असं, की आकाशगंगेत शंभर ते चारशे अब्ज तारे. त्यातल्या किती ताऱ्यांना ग्रह, त्यातल्या किती ग्रहांवर पाणी, त्यातल्या किती ठिकाणी जीव, त्यातल्या किती जिवांना अक्कल, आणि त्यातल्या कितींना निरोप धाडता येतो. शिवाय निरोप धाडण्याइतके दिवस ते टिकतात का, हा एक प्रश्न. असं कापत कापत तू शेवटाला येतेस आणि म्हणतेस, कुठंतरी कुणी असेलही, पण इथवर येण्याची शक्यता जवळजवळ शून्य. अंतर फार आहे. आपलं वेगातलं यान सोडलं तरी जवळच्या ताऱ्याच्या अंतराला सत्तर हजार वर्षं लागतात.

अगं, हे कापत जाणं तू माझ्याकडून शिकलीस. आठ वर्षांची होतीस, तांदळाच्या पोत्यावर बसून ऐकायचीस. पत्रिका किती वाटल्या, त्यातली घरं किती, त्या दिवशी दुसरी लग्नं किती, गाव किती लांब, एसटी वेळेवर मिळते का, भातलावणी चालू आहे का. सगळं कापून मी आकडा सांगायचो आणि तू तो खडूनं पातेल्यावर लिहायचीस. बत्तीस वर्षं या तालुक्यात मी आचारी आहे. एक घमेलं भात इकडं नाही की तिकडं नाही. भिमाजीचा अंदाज म्हणजे अंदाज.

एकदा सोडून. ते तुझ्या आईनं आवतण सांगताना घोळ घातला म्हणून झालं, हे तुला तेव्हाच सांगितलंय. परत उगाळत नाही.

पण तुझ्या लेखात एक गोष्ट राहिली. आवतण कसं दिलं? तू शहरात राहून विसरली असशील म्हणून सांगतो. पत्रिका ही नुसती पत्रिका. खरं आवतण दारात उभं राहून तोंडानं द्यायचं. ते दोन तऱ्हेचं असतं. ‘घरटी एक’ सांगितलं तर घरातलं एकच माणूस जेवायला येतं. ‘चूलबंद’ सांगितलं तर त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही, म्हातारीपासून तान्ह्यापर्यंत सगळ्यांनी यायचं. एकाच वाडीचा आकडा त्यावरून शंभराचा पाचशे होतो.

तूच लिहिलंयस की १९७४ साली माणसांनी एका मोठ्या दुर्बिणीतून आकाशात निरोप सोडला, तोही तीन मिनिटांचा, आणि ज्यांना सोडला ते पंचवीस हजार वर्षांच्या वाटेवर. तीन मिनिटं हाक मारून घरात जाऊन बसलात. हे घरटी एकसुद्धा झालं नाही. मग कुणी येत नाही म्हणून लेख कसले लिहितेस?

उत्तर दे. रविंद्ररावांना नमस्कार सांग, सांगावासा वाटला तर.

भिमाजी

२१ डिसेंबर २०२५

मोहिनी,

उत्तर नाही. पोस्टमन वर वाडीत रोज येत नाही म्हणून मीच घोडेगावला दोनदा जाऊन विचारून आलो. तिथला माणूस म्हणाला, ‘‘पावणं, आलं की देतो ना.’’ तसाच स्टँडवर बसलो. तुझ्या सासरच्या वाटेची, नारायणगावची गाडी लागली होती. चढलो, तिकीट काढायच्या आत उतरलो. हल्ली असंच होतं. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की कुठं जायचं ते कळत नाही. तुझी आई म्हणते, खराटा घ्या आणि अंगण झाडा.

सूर्यमालेच्या बाहेरून तो धूमकेतू आलाय ना, त्यानं इथं धुमाकूळ घातला. माझ्या हाताखालचा सोपान, त्याला तू काका म्हणायचीस, तो मोबाइल घेऊन हिंडत होता. कुणीतरी त्यात सांगत होतं की धूमकेतू नाही, यानच आहे, एकोणीस तारखेला पृथ्वीजवळ येतंय. जवळ म्हणजे सत्तावीस कोटी किलोमीटर, हे मी गुरुजींना विचारून घेतलं. सोपान मला म्हणतो, ‘‘भाऊ, किती जणांचं धरायचं?’’

शेकोटीला बसलेले सगळे हसले. साळुबाई पण होती. आता चौऱ्याऐंशीची झाली, वरच्या आळीतून काठी टेकत येते. तिला काय चाललंय ते नीट सांगितलं तर म्हणाली, ‘‘येऊ दे की. लई लांबनं येत्यात. आलं तर जेवल्याबिगर धाडू नगा म्हंजी झालं.’’

मी तिथून उठलो.

एकोणीस तारीख आली आणि गेली. आभाळात काहीच दिसलं नाही. सोपानला वाईट वाटलं आणि खरं सांगू, मलाही वाटलं. तुझ्या लेखात बसतं ते सगळं, पण बाहेरून एक दगड तरी आला की नाही आपल्याकडं? तुझ्या हयातीतला हा तिसरा, असं गुरुजी म्हणाले. दहा वर्षांमागं कुणी म्हटलं असतं की असं काही येईल, तर तू कापत कापत शून्यावर आली असतीस. आकडा काढणाऱ्याला एक खोड असते. आधी त्याच्या मनात आकडा असतो, मग तो त्याला साजेसं कापत जातो.

हे मी कुठून कुठं आलो. पुरे.

भिमाजी

८ जानेवारी २०२६

मोहिनी,

तुझं पत्र मिळालं. माझ्या दोन पत्रांना मिळून एक ओळ. ‘आबा, त्या दिवशी किती माणसं येणार होती, तुम्हाला माहीत होतं का?’

धूमकेतूबद्दल काही नाही, चूलबंदबद्दल काही नाही. बापानं एवढं लिहिलं, त्यातलं काही वाचलंस तरी का?

तुझ्या मनात काय आहे ते मला कळतं. आळ्याला, तुझ्या सासरच्या गावात, काय बोललं जातं तेही माझ्या कानावर आहे. रविंद्र बौद्ध घरातला, आपण डोंगरातले, लग्न तुमचं तुम्ही ठरवलेलं. मुलीच्या बापाला ते नको होतं, म्हणून त्यानं वऱ्हाडाला मुद्दाम उपाशी धाडलं. आचारी बाप आणि मांडवात भात नाही, मग लोक दुसरं काय म्हणणार. पण हे खोटं आहे. वऱ्हाडाच्या अडीचशे माणसांचा भात मी आधी धरला होता. सोपानला विचार. माझ्या हातानं मोजून घेतला होता. तुझ्या सासूबाईंना, फुलाबाईंना, हे एकदा सांगशील का? मी त्यांना कमी पडू देणार नव्हतो.

बाकीचं तुझ्या आईनं आवतणाचा घोळ

(हे वाक्य अर्धं सोडलंय. पुन्हा लिहायला कागद नाही.)

गहू बरा आहे. साळुबाई तीन दिवस पडून आहे, पेज पण घेत नाही. तुझी आई तिच्याकडंच असते. घरात मी एकटा. सकाळपासून सहा वेळा उंबऱ्याबाहेर जाऊन आलो. तुझ्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या पत्रात देतो.

भिमाजी

१० जानेवारी २०२६

मोहिनी,

साळुबाई काल गेली. तिच्या मयतीहून येऊन लिहितोय.

तू एका ओळीत विचारलंस, मीही एका ओळीत सांगतो. हो, माहीत होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी तुझी आई दिवस कलताना चारी वाड्या फिरून आली. पाय सुजले होते. ओट्यावर टेकली आणि म्हणाली, ‘‘एकशे नव्वद चुली झाल्या. समद्यांना चूलबंद सांगून आले.’’

मी म्हणालो, ‘‘कुणी येत न्हाई. घरटी एक आला तरी लई झालं.’’

ती म्हणाली, ‘‘आवो, मी डोळ्यानं बघून आले. बाया लेकरांची कापडं धूत व्हत्या.’’

तिनं घोळ घातला नाही. तिनं मला जे सांगायचं ते नीट सांगितलं. मी एकशे नव्वद चुलींची शंभर माणसं धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता सोपाननं विचारलं, ‘‘भाऊ, दुसरी चर पेटवू का?’’ आम्ही मांडवामागं स्वयंपाकासाठी दोन लांब चरी खणल्या होत्या. एक पेटलेली होती. दुसरीत लाकडं रचलेली होती, फक्त काडी लावायची होती. तांदळाची पोती होती, डाळ होती, काहीच कमी नव्हतं. मी म्हणालो, ‘‘न्हाई.’’

एक वाजता माणसं उतारावरून खाली यायला लागली. धुतलेली कापडं घातलेली पोरं पुढं, मागं बाया, त्यांच्यामागं म्हातारे. मी बघत उभा राहिलो. तेव्हा तरी चर पेटवायची, तर मी उतारावरची रांग संपायची वाट बघत बसलो. ती संपेना. वऱ्हाड पहिल्या पंगतीला बसलं होतं. फुलाबाईंनी उन्हात उभी असलेली आपल्या वाडीची म्हातारी माणसं बघितली आणि वऱ्हाडाची अडीचशे माणसं उठवली. ‘‘आदी ह्यांना बसवा. आमी मागनं जेवू.’’ त्यांच्या जागी आपली माणसं बसली आणि दुसऱ्या पंगतीला भात संपला. मग मी काडी लावली. त्या भाताला वाफ धरेपर्यंत वऱ्हाडाच्या गाड्या निघून गेल्या.

साळुबाई तिसऱ्या पंगतीत होती, तीन नातवंडांना घेऊन. पुढ्यात पत्रावळ, पत्रावळीवर मीठ आणि लिंबाची फोड. अर्धा तास बसली. मग पाणी पिऊन उठली आणि मला म्हणाली, ‘‘असूं दे बाबा. लेकीचं लगीन बघितलं, पोट भरलं.’’

तेवढ्यात तू आलीस, आणि सगळ्या मांडवासमोर मला विचारलंस, हे कसं झालं. मी तुझ्या आईकडं बोट दाखवलं. म्हणालो, हिनं मला घरटी एक म्हणून सांगितलं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि पदर सारखा करत खाली बघितलं. त्यानंतर आजपर्यंत ती यावर एक शब्द बोललेली नाही. साडेतीन वर्षं मी तिच्या हातचं जेवतोय.

लोक म्हणतात ते खरं नाही, हे मी मागच्या पत्रात लिहिलं. खरं आहे ते त्याहून वाईट आहे. मी वऱ्हाडाला कापलं नाही, आपल्या माणसांना कापलं. मला वाटलं, त्यांच्या पंगतीला आपलं कुणी बसणार नाही. आणि मला असं का वाटलं तेही लिहितो, नाहीतर या पत्राला काही अर्थ नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मी गेलो नसतो. शेजाऱ्याच्या पोरीचं असतं तर मी घरात बसून राहिलो असतो आणि चूल पेटवली असती. मी आकडा त्यांचा म्हणून सांगितला, तो माझा होता.

मी बत्तीस वर्षांत एकदाच चुकलो, असं सगळ्यांना सांगत आलो. मोहिनी, मला लाज वाटते. ती चर सोडून मला दुसरं काही दिसत नाही.

तुझा बाप

२४ फेब्रुवारी २०२६

मोहिनी,

तुझं उत्तर आलेलं नाही. बरोबर आहे.

मागचं पत्र पोस्टात टाकण्याआधी तुझ्या आईला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. सगळं ऐकलं, सुपातले खडे बाजूला केले आणि म्हणाली, ‘‘मला कशाला सांगता? मला ठावं हाय. वाडीत सांगा.’’

साळुबाईच्या दहाव्याला सगळी वाडी होती. तिथं उभा राहिलो आणि सांगितलं. तुझ्या आईनं, मंगलनं, चूलबंद सांगितलं होतं, मला माहीत होतं, मी मुद्दाम कमी शिजवलं, तुम्ही येणार नाही असं धरून. मला वाटलं आता कुणीतरी शिवी देईल, म्हणजे सुटेन. मग साळुबाईचा मोठा नातू, त्या दिवशी उपाशी गेलेल्यांतला, त्यानं विचारलं, ‘‘मग त्ये जेवण कवा?’’

ते जेवण आठ मार्चला आहे. रविवार. त्याच जागी.

चारी वाड्यांत तुझ्या आईबरोबर मी स्वतः दारोदार गेलो, एकशे नव्वद उंबरे. काही ठिकाणी चहा झाला, काही ठिकाणी नुसतंच ‘‘बरं’’ म्हणाले. एकानं दार उघडलं नाही. मग आम्ही दोघं आळ्याला गेलो. फुलाबाई ओळखतील की नाही, ही धास्ती आळेफाट्यापासूनच होती. ओळखलं. पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, जसं तुला लिहिलं तसं. त्यांनी माझ्या हातातला तांब्या घेऊन खाली ठेवला. मग म्हणाल्या, ‘‘आमाला वाटलं तुमाला आमीच नको व्हतो.’’ मी म्हणालो, ‘‘तेबी व्हतं. खोटं कशाला बोलू.’’ तुझ्या आईनं माझ्याकडं असं बघितलं, की आता उठून चालती होते. पण फुलाबाई म्हणाल्या, ‘‘किती जणांनी यायचं?’’

‘‘चूलबंद,’’ तुझी आई म्हणाली.

‘‘आमची चूल ग्यासची हाय. बंद कराया काय, बटान फिरवलं की झालं.’’ एवढंच बोलल्या. येते म्हणाल्या नाहीत.

राहिलीस तू. अठ्ठावीस तारखेला विज्ञान दिनाला तू खोडदच्या दुर्बिणीवर पोरांना माहिती द्यायला येशील, दरवर्षी येतेस. मला कसं माहीत? कारण गेल्या वर्षी मी तिथं होतो. शाळेच्या पोरांच्या रांगेत उभा होतो. तुझ्या टेबलापासून पाचवा. एका पोरीनं तुला विचारलं, ‘‘ताई, एलियन कधी येणार?’’ तू हसून म्हणालीस, ‘‘वाट बघत बसू नका.’’ ते तिला म्हणालीस, मला नव्हे, हे मला कळत होतं. तरी मी रांग सोडली आणि बाहेर येऊन उसाचा रस प्यालो.

यंदा रांग सोडणार नाही. तुझा सगळा लेख ऐकण्याचा आहे गं. मोठमोठ्या तबकड्या लावून सगळे कान देऊन बसलेत, इकडचेही आणि कदाचित तिकडचेही. मीही साडेतीन वर्षं फोनकडं कान देऊन बसलो होतो. कुणीतरी उठून दारात जायला पाहिजे. आवतण पोस्टानं देत नाहीत, म्हणून ते या पत्रात लिहीत नाही. शनिवारी येऊन सांगतो.

आबा

९ मार्च २०२६

मोहिनी,

काल तू घाईत गेलीस, पुण्याची गाडी गाठायची होती. दोन गोष्टी तुला सांगायच्या राहिल्या.

एक. त्या दिवशी खोडदला माझा नंबर आला तेव्हा तू हो म्हणाली नाहीस, नाही पण म्हणाली नाहीस. ‘‘बघते’’ म्हणालीस. धंद्यात ‘‘बघते’’ म्हणणाऱ्या घराला मी कायम शून्य धरत आलोय. माझ्या मागच्या पोरानं तुला तेच एलियनचं विचारलं. तू म्हणालीस, शक्यता फार कमी आहे. मग माझ्याकडं बघितलंस आणि त्याला म्हणालीस, ‘‘पण आमचा आकडा चुकतोसुद्धा.’’ हे त्या पोराला कळलं नसेल.

दुसरी. काल सकाळी आठ वाजता सोपाननं तोच प्रश्न विचारला. मुद्दाम नाही, तो बिचारा दरवेळी विचारतो. ‘‘भाऊ, दुसरी चर पेटवू का?’’ मी दोनदा ठरवून आलो होतो की हो म्हणायचं. पण मी उताराकडं बघितलं. एक माणूस नव्हतं. आळ्याच्या रस्त्यावर गाडी नव्हती. मोहिनी, माझ्या डोक्यात आकडा तयार होता. पहिल्या चरीपुरताच होता. एवढं सगळं होऊन, एवढी पत्रं लिहून, तो आपोआप तिथं येऊन बसला होता. मी चरीतली लाकडं उगाच सारखी करायला लागलो.

तू माझ्यामागं उभी आहेस हे मला ठाऊक नव्हतं. पहिल्या गाडीनं आली होतीस, चप्पल हातात घेऊन. ‘‘पेटवा, सोपानकाका,’’ म्हणालीस, आणि काड्यापेटी त्याच्या हातून घेऊन स्वतःच वाकलीस. मी भांडी बघायचं निमित्त करून पलीकडं गेलो, ते धुरामुळं नव्हतं. एवढंच सांगायचं होतं.

किती माणसं आली ते मी मोजलं नाही. सोपाननं मोजलं, मी त्याला सांगू दिलं नाही. साळुबाईच्या घरचे सगळे होते. दार न उघडणारा शेवटच्या पंगतीला आला. फुलाबाई पहिल्या पंगतीला बसायला तयार नव्हत्या, तुझ्या आईनं हात धरून बसवलं आणि शेजारी स्वतः बसली. भात उरला. दोन घमेली उरला. बत्तीस वर्षांत माझ्या हातून एवढा भात कधी उरला नव्हता, आणि मी रात्री पडल्या पडल्या झोपलो.

तुझा डबा इथं राहिलाय, निळ्या झाकणाचा. आईनं घासून ठेवलाय. तो रिकामा द्यायचा नाही म्हणून त्यात काय भरायचं यावर ती सकाळपासून बडबडतेय. कुणाबरोबर पाठवत नाही, येऊन घेऊन जा. कधी येशील याचा अंदाज काढायला बसलो होतो, दोन ओळी लिहून खोडल्या.

आबा